रत्नागिरी ते आटपाडी : फटफटीवरून एक दिवस

मराठीच्या प्राध्यापकाने फार तर सायकल चालवावी, असा आपल्या समाजाचा अलिखित संकेत आहे. इंग्रजीच्या प्राध्यापकाला मोटार शोभते, रसायनशास्त्रवाल्याला स्कूटर चालते. पण मराठीवाला म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर छत्री काखेत मारून पायी निघालेला गृहस्थच उभा राहतो. मी मात्र गेली बारा वर्षे साडेतीनशे सी. सी.ची एक फटफटी बाळगून आहे. कंपनीचे नाव सांगत नाही. जाहिरातीचे पैसे मिळालेले नाहीत. 'मोटरसायकल' हा शब्द मला येत नाही असे नव्हे. परंतु आमच्या वडिलांनी जन्मभर 'फटफटी' म्हटले, आणि ज्या वस्तूच्या नावातच तिचा आवाज आहे तिला दुसरे नाव कशाला शोधायचे?

गेल्या आषाढात या फटफटीवरून मी रत्नागिरीहून आटपाडीला गेलो. अंतर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. हिमालयात फटफटीवरून जाणाऱ्या आजच्या तरुणांना हे वाचून हसू येईल, आणि त्यांनी खुशाल हसावे. पण महाराष्ट्राच्या नकाशावर ही रेघ ओढून पाहा. एका टोकाला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, मध्ये कोल्हापूरला हजाराच्या आसपास, आणि दुसऱ्या टोकाला चारशे, तोही जमला तर. सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत माणसाला एवढे अंतर तोडता येते, ही मला तरी लडाखपेक्षा कमी नवलाची गोष्ट वाटत नाही.

हौस म्हणून मी निघालो नव्हतो. माणदेशात आमची चार एकर जमीन आहे. वडिलांच्या हयातीत तिचे वाटप झाले. दोन एकर आमच्या नावे, दोन थोरल्या चुलत्यांच्या. ती सगळी आजवर माझा चुलतभाऊच कसत आला. आम्ही त्याला दादा म्हणतो. पिकलेच तर पोतेभर बाजरी धाडायची, न पिकले तर तसे कळवायचे, हा चाळीस वर्षांचा हिशेब. त्या दादाचा फोन आला, "गिऱ्हाईक आलंय. तुझं दोन एकर मागतोय. सांगलीचा हाय, पैसा रोख. तू येऊन काय त्ये सांग."

भाव ऐकून मी खुर्चीत नीट बसलो. मुलगी यंदा पुण्यात इंजिनिअरिंगला जाणार होती. तिची चारही वर्षे निघून वर काही उरले असते. माळरानाला हा भाव येण्याचे कारण म्हणजे पाणी. टेंभू योजनेचे पाणी आमच्या बांधापाशी आले होते.

आमच्या वडिलांना हे खरे वाटले नसते. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली आणि पुढच्याच वर्षी प्राथमिक शिक्षक म्हणून ते रत्नागिरी जिल्ह्यात रुजू झाले. आले ते नेमके आषाढात. आठ दिवस पाऊस थांबेना, तेव्हा त्यांनी घरमालकाला विचारले म्हणे, "हा बंद करायला कुणाला सांगायचं?" त्या पहिल्या पावसाळ्यात ते पागोळ्यांखाली घरातली झाडून सगळी भांडी मांडून ठेवत. शेजारी हसत. भरलेल्या विहिरीच्या गावात पाणी साठवणारा हा 'घाटी मास्तर' पुढे तिथलाच झाला, तिथेच गेला. पण दर आषाढात आटपाडीला एक कार्ड जायचेच, पाऊस किती झाला ते कळवावे. उत्तर बहुधा एकाच ओळीचे असे : पाऊस नाही, बाकी ठीक.

पहाटे साडेपाचला निघालो. सौभाग्यवतींनी डब्यात घावन आणि लसणीची चटणी दिली, रेनकोटावर दुसरा रेनकोट दिला, आणि "एस. टी. नावाची एक वस्तू असते" एवढेच म्हणाल्या. हातखंब्यापर्यंत उजाडलेच नाही. तिथे मुंबई-गोवा रस्ता ओलांडून पालीकडे वळलो. रस्ता चौपदरी करण्याच्या कामामुळे इकडे डोंगर चिरून काढले आहेत. तांबड्या जांभ्याच्या उभ्या कापांवरून तांबडेच पाणी वाहत होते. कोकणाचा पाऊस माणसाला भिजवत नाही, तो माणसाला बुडवतो. हेल्मेटची काच वर केली तर डोळ्यांत पाणी, खाली केली तर धुके.

नाणीज मागे पडले आणि दोन्ही बाजूंना लावणी लागली. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायकांच्या रांगा, बांधावर तरव्याच्या जुड्या, आणि एकेकाळी जिथे बैलांची नांगरणी ऐकू यायची तिथे पॉवर टिलरचा धडधडाट. पाठीवरची इरली गेली, प्लॅस्टिकच्या निळ्या खोळी आल्या. चित्रकाराला ते आवडणार नाही. परंतु इरले घेऊन दिवसभर वाकणे कसे असते हे चित्रकाराला विचारून उपयोग नाही. साखरप्याला चहा घेतला. टपरीवाल्याने माझ्या खाली साचलेल्या थारोळ्याकडे पाहून विचारले, "एवढ्या पावसात कुठे निघालात हो?" आटपाडी म्हटल्यावर "ते कुठेसे आले?" असे तो म्हणाला. पावणेतीनशे किलोमीटर म्हणजे केवढे अंतर, हे मला तिथे समजले.

आंबा घाटात प्लगच्या टोपणात पाणी शिरून फटफटी दोन आचके देऊन थांबली. ढग रस्त्यावर उतरलेले, दहा हातांपलीकडे काही दिसत नाही, डाव्या हाताला कुठेतरी धबधबा कोसळतोय एवढे ऐकू येते. रुमालाने टोपण पुसायचे, तर रुमालच पिळून काढण्याजोगा. शेवटी डब्याला गुंडाळलेले फडके कामी आले. (संसारात बायकोचे कोणते फडके कधी उपयोगी पडेल हे सांगता येत नाही.) तिसऱ्या लाथेला यंत्राने आवाज दिला.

घाटमाथा आला की मला शाळेतला भूगोल आठवतो. तिथे पडणारा पावसाचा एक थेंब पश्चिमेला ओघळला तर काजळी नदीत जातो आणि भाट्याच्या खाडीतून अरबी समुद्र गाठतो; रत्नागिरीला परत, म्हणा ना. त्याच्या शेजारचा थेंब पूर्वेला ओघळला तर कडवी, वारणा, कृष्णा करत आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळतो. दोघांच्या जन्मात वीतभराचे अंतर आणि नशिबात अख्खा भारत आडवा. वडिलांची एस. टी. दर मे महिन्यात हा माथा चढायची, तेव्हा ते खिडकीबाहेर डोके काढून नुसते बघत राहायचे. आम्हा पोरांना वाटायचे, त्यांना गाडी लागते.

मलकापूरला पाऊस सडासडा होता, बांबवड्याला झिमझिम, आणि वाघबीळापाशी ऊन पडले. कोणीतरी नळ हळूहळू बंद करत आणावा तसा हा प्रकार. भात होते तिथे ऊस आला. तांबडी माती कधी काळी झाली तो क्षण मी दरवेळी पकडायचा म्हणतो आणि दरवेळी एखादा ट्रक आडवा येतो. याच मुलखातून १६६० च्या आषाढात शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे गेले. त्यांची वाट माझ्या उलट दिशेची, रात्रीची आणि चिखलाची. मागे सिद्दीची फौज. घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले. डांबरी रस्त्यावर चाळीसच्या वेगाने जाताना पाठ दुखते म्हणून कुरकुरावेसे वाटले, की त्या रात्रीची आठवण काढावी.

आणखी एक गंमत. केर्लीच्या बाजूला जोतिबाचा डोंगर लागतो. त्या गावाचे कागदोपत्री नाव वाडी रत्नागिरी! सव्वाशे किलोमीटर भिजत आल्यावर पुन्हा रत्नागिरीचीच पाटी दिसली, तर नवख्या माणसाच्या छातीत धस्स व्हावे.

कोल्हापुरात शिवाजी पुलावरून पंचगंगा पाहिली. गढूळ, दुथडी आणि गंभीर. मिसळीच्या दुकानात रेनकोट खुंटीला टांगला, तर शेजारचा पैलवानी गडी म्हणाला, "कुठनं आलाय म्हणायचं? रत्नागिरी? या पावसात? धाडसाचं काम की वो." भाषेचा मास्तर असल्याने माझे कान असल्या जागी फार चाळवतात. साखरप्याचा 'हो' इथे 'वो' झाला आणि त्याला 'की' चिकटली. ही 'की' प्रश्नाची नाही, अट घालणारीही नाही. ती पाठीवर ठेवलेला हात आहे. मिसळीबरोबर पाव न देता ब्रेडचे काप देतात, या कोल्हापुरी रिवाजावर मी एक निबंध लिहू शकेन. पण संपादक पाने मोजून देतात.

हातकणंगले, जयसिंगपूर हा पट्टा मी झपाट्याने मागे टाकला. सपाट रस्ता, दोहोंकडे ऊस, मध्ये साखर कारखान्याचे धुराडे, पुन्हा ऊस. समृद्धी ही पाहायला कंटाळवाणी असते. अंकलीच्या पुलावर कृष्णा ओलांडून सांगलीत शिरलो तेव्हा बारा वाजून गेले होते.

सांगलीला पाण्याचा हिशेब फुटांत करतात. आयर्विन पुलापाशी पाणी चाळीस फुटांवर गेले की इशारा, पंचेचाळीसला धोका. १९२९ साली बांधलेल्या या पुलाने २०१९ च्या ऑगस्टमध्ये सत्तावन्न फुटांच्या वर पाणी पाहिले. माणसे गच्च्यांवरून होड्यांत उतरत होती. हरिपूर-सांगलीकडची हळद साठवण्याची जमिनीतली जुनी पेवे तर २००५ च्या पुरातच मोठ्या संख्येने गेली होती. आता दुसरी बाजू पाहा. २०१९ च्या त्याच ऑगस्टमध्ये, त्याच सांगली जिल्ह्यात, आटपाडी आणि जतकडे पिण्याच्या पाण्याचे टँकर चालू होते. दादाने तेव्हा फोनवर विचारले होते, "टीव्हीवर दावत्यात त्ये खरंच आपलं सांगली हाय काय रं?" मी हो म्हणालो. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग त्यातलं थोडं हिकडं का लावंनात?"

त्याचा प्रश्न भाबडा नव्हता. नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि त्यांच्याबरोबरची हजारो माणसे १९९० च्या दशकापासून आटपाडीच्या पाणी परिषदांतून हेच विचारत आली. कऱ्हाडच्या खाली टेंभू गावापाशी कृष्णेचे पाणी अडवायचे, टप्प्याटप्प्याने पंपांनी डोंगरावर चढवायचे आणि कडेगाव, खानापूर, तासगाव, आटपाडी, सांगोला या अवर्षणग्रस्त तालुक्यांना द्यायचे, अशी ही योजना. आटपाडीकरांची मागणी त्याच्याही पुढची होती : पाणी आले तर ते कालव्याकाठच्या चार बागाइतदारांचे होऊ नये, सगळ्यांना सारखे मिळावे. म्हणून तिकडे बंद नळांतून वाटप करण्याचा मार्ग धरला गेला. मागणी आणि पाणी यांच्यामध्ये एका पिढीचे अंतर पडले. ज्यांनी परिषदांत घोषणा दिल्या त्यांतले कितीतरी जण पाणी न पाहताच गेले.

तासगाव आले तोवर अंगावरचे कपडे वाळून कडक झाले होते. इथे द्राक्षांचे मांडव. आषाढात वेलीवर फळ नसते. एप्रिलची छाटणी झालेली, नव्या काड्या तयार होत असलेल्या, आणि बेदाण्याच्या लांबलचक शेडा रिकाम्या पडलेल्या. गणपतीच्या देवळाचे दक्षिणी थाटाचे उंच गोपुर दुरूनच नमस्कारून पुढे निघालो आणि खानापूरच्या पठारावर चढलो.

वारा लागला. हा आषाढातला वारा ढगांना थांबू देत नाही. ते डोक्यावरून घाईघाईने पूर्वेला जातात आणि खाली फक्त सावल्या पडतात. झाडे विरळ झाली, बांध दगडांचे झाले, मेंढरे दिसू लागली. मध्येच एखाद्या वस्तीत शहरात शोभेल असा दुमजली बंगला, आणि त्याला कुलूप. हे बंगले गलाईवाल्यांचे. सोन्याचांदीची आटणी करून शुद्ध धातू काढण्याचा हा धंदा या दुष्काळी मुलखातल्या माणसांनी हिंदुस्थानभर नेला. केरळपासून पंजाबपर्यंत कुठल्याही सराफ कट्ट्यावर जा, विट्या-आटपाडीकडचे मराठी ऐकू येईल. ज्या मातीने बाजरी दिली नाही, तिची पोरे परमुलखात सोने आटवतात. दादाचा मुलगाही कोइमतूरला याच कामावर आहे.

भिवघाटाच्या अलीकडे एक छोटी दिंडी भेटली. एकादशीला पंढरपूर गाठायचे होते. फटफटी बाजूला घेतली. एका म्हातारीने माझ्या चाकांवरच्या तांबड्या चिखलाकडे बोट दाखवले. "माउली, ही माती हिकडली न्हवं. कुठनं आलासा?" कोकणातून, म्हटले. "पाऊस हाय तिकडं?" खूप आहे, म्हटले. तिने मडगार्डवरचा तो ओला चिखल बोटाने चाचपून पाहिला आणि काही न बोलता टाळ सावरून पुढे चालू लागली.

घाट उतरलो म्हणजे माणगंगेच्या खोऱ्यात आलो. इथून पुढचे पाणी माणेला, माणेचे भीमेला. हा मुलूख मराठी वाचकाला परका नाही. ग. दि. माडगूळकर, व्यंकटेश माडगूळकर, शंकरराव खरात ही सगळी याच तालुक्याची माणसे. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली 'बनगरवाडी' मी वीस वर्षे शिकवतो आहे. तिच्या शेवटी दुष्काळाने गाव उठून जाते, तिथे वर्गात दरवर्षी शांतता पसरते. कोकणातल्या मुलांना 'पाऊस न पडणे' समजावून सांगणे हे सोपे काम नाही. आटपाडीजवळच औंध संस्थानने १९३९ साली स्थापलेली स्वतंत्रपूरची खुली कैद्यांची वसाहत आहे. शांतारामबापूंच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ'ची प्रेरणा तीच, आणि कथाही माडगूळकरांची. भिंती नसलेला तुरुंग काढावा असे या उजाड माळावर कोणाला सुचले, याचे मला पूर्वी नवल वाटे. आता वाटत नाही. इथे नजरच अडत नाही, तर भिंती कसल्या?

खरसुंडीच्या सिद्धनाथाला हात जोडले. इथल्या खिलार बैलांच्या बाजाराला वडील मला एकदा घेऊन आले होते. आणि तिथून पुढे मी दोनदा फटफटी थांबवली, कारण रस्ता चुकला नाही ना असे वाटावे इतके हिरवे दिसू लागले होते. डाळिंबाच्या बागा. शेततळ्यांची काळी कापडे. ओढ्याला पाणी! आषाढात माणदेशातल्या ओढ्याला पाणी मी जन्मात पाहिले नव्हते.

पाच वाजता दादाच्या दारात फटफटी उभी केली. "आलास व्हय," दादा म्हणाला. एवढेच. वहिनींनी पाय धुवायला तांब्या दिला. पूर्वी त्या तांब्यात अर्धेच पाणी असायचे. बाजरीची भाकरी, हुलग्याचे माडगे आणि ठेचा झाला. जमिनीचे नाव कोणी काढीना. शेवटी मीच म्हणालो, चला, बघून येऊ.

शेताच्या कोपऱ्यावर नळाची तोटी होती. दादाने चाक फिरवले आणि पाणी उसळले. "तुमच्याकडलंच हाय," तो म्हणाला. मी मास्तरकी करून सांगितले की आंबा घाटाचे पाणी टेंभूला जात नाही, हे महाबळेश्वर आणि कोयनेचे. "व्हय, पर सह्याद्रीचंच न्हवं?" दादा म्हणाला. याला उत्तर नव्हते. पुराचे जादा पाणी उचलून सध्या तलाव भरून घेतात, पाणीपट्टी वेळेवर भरावी लागते, वीज तुटली की सगळे थांबते, असे त्याने सविस्तर सांगितले. डाळिंबाचे तेल्या नि मर हे रोगही सांगितले. गिऱ्हाइकाचे मात्र तो बोलेना.

ते वहिनी बोलल्या. मागून जनावरांना वैरण घेऊन आल्या होत्या. "भावजी, तुम्हांला सांगत्ये. हीर तुमच्या वाटणीत हाय. तोटीबी तुमच्याच बांधावर. त्यो सांगलीवाला उद्या कुंपान घालील. मग आमचं दोन एकर हाय तसंच माळ. पोरगं म्हनतंय डाळिंब लावा, मी कोइमतूर सोडून येतो. आता तुमचंबी लेकरू शिकतंय, तुम्ही इका, तुम्हांला कोन न्हाय म्हननार न्हाय. पर ह्ये सांगनार न्हाईत, म्हनून म्या सांगितलं."

"तू गप," दादा म्हणाला. पण फारसे जोर देऊन नाही.

मी विहिरीपाशी जाऊन घरी फोन लावला. रांग लागलेली पाहून सौभाग्यवतींनी आधी रेनकोट वाळला का ते विचारले, मग सगळे ऐकून घेतले. पलीकडे पागोळ्यांचा आवाज स्पष्ट येत होता. "बँकेचे शैक्षणिक कर्ज काढू," त्या म्हणाल्या. "व्याज पडेल, पडू दे. विहीर आहे हे तुम्हांला ठाऊक नव्हते का?" ठाऊक होते. पण त्या विहिरीला आजवर पाणीच नव्हते, तेव्हा ती कोणाच्या वाटणीला गेली याची चर्चा घरात कधी झालीच नव्हती.

दादाला सांगितले, विकायचे नाही. निम्म्या वाट्याने डाळिंब लावू, रोपांचे पैसे माझे. त्याने मान हलवली आणि खिशातून मोबाईल काढून कोइमतूरला फोन केला. पलीकडून पोराने पहिला प्रश्न विचारला तो किती रोपे सांगायची हा. चौदा फूट बाय दहा फूट अंतर धरले तर एकरी तीनशे अकरा बसतात, दोन एकरांना सहाशे बावीस. हा हिशेब मी तोंडी केला म्हणून दादाला माझे कौतुक वाटले. तरी त्याचा विश्वास बसला नाही. अजून अर्धा तास उजेड होता. तो चपला काढून बांधाच्या टोकाला गेला आणि पावलांनी अंतर मोजू लागला. दर चौदा फुटांवर एक दगड ठेवायचे काम त्याने माझ्याकडे दिले.